जिवाणीच्या बादलीतून

मोठ्या आईने माझी पिल्लं मारली, असं आमच्या घरात म्हणता येत नाही. 'सोडली' म्हणायचं. मी एकदाच 'मारली' म्हटलं, तर पप्पा दुकानातलं गिऱ्हाईक तसंच ठेवून आत आले आणि म्हणाले, "पर्युषणात असा शब्द तोंडातून काढायचा नसते." शब्द काढायचा नाही. बाकी सगळं चालतं.

मोठी आई म्हणजे पप्पांच्या थोरल्या भावाची बायको. वाशीमला आमचं कापडाचं दुकान आहे. दुकानामागे घर, घरात दोन्ही भावांचे संसार एकत्र, घरामागे विहीर. आणि पिल्लं होती गप्पी माशांची. एवढं सांगितलं की लोक हसतात. मासेच तर होते, म्हणतात. म्हणून नीट सांगते.

मी घरात फार बोलत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची होती, वर्गात मराठी बोललं की दंड. घरी आलं की सगळे वऱ्हाडी. दोन्हीकडे वाक्य आधी मनात जुळवून मग बाहेर काढावं लागायचं, आणि तोवर विषय बदललेला असायचा. त्यामुळे न बोलण्याची सवय लागली. आणि बघत बसण्याची. माशांना अशीच माणसं लागतात.

पहिले गप्पी मी अकोल्याहून आणले, एसटीत मांडीवर पाण्याची पिशवी धरून. साधे, मिसळीचे होते. कुणाची शेपूट पिवळी, कुणाची ठिपक्यांची. गप्पी अंडी घालत नाही, पिल्लं पोटात वाढवते आणि ती जन्मताच पोहतात. त्यामुळे पिढ्या भराभर येतात. अशा काही पिढ्यांनंतर एक नर निघाला. अंग तांब्याच्या रंगाचं आणि शेपूट निळी-काळी, धुतलेल्या पाटीसारखी, एकही ठिपका नाही. तसा नर मी कुठल्या दुकानात पाहिला नव्हता, व्हिडिओतही नाही. तो माझ्या टाकीत, आमच्या मागच्या खोलीत, खिडकीशी झाला होता. मला त्याचा वंश पुढे न्यायचा होता. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी स्वतःहून हवं होतं आणि ते कसं करायचं हेही माहीत होतं.

ते सोपं नसतं. गप्पीची मादी एकदा नराजवळ गेली की त्याचं बीज महिनोन्महिने पोटात ठेवते, म्हणून पिल्लं वयात यायच्या आत माद्या वेगळ्या काढाव्या लागतात. पोटाखालचा पर बघायचा. पंख्यासारखा राहिला तर मादी, काडीसारखा निमुळता झाला तर नर. त्याला भिंग लागतं आणि हलल्याशिवाय बसता यावं लागतं. मी अशी एक मादी निवडली आणि त्या नराबरोबर ठेवली. पहिली वीण तिने माझ्या देखत खाऊन टाकली. गप्पी खातात. आईला पिल्लू ओळखू येत नाही, समोर काहीतरी हललं एवढंच तिला कळतं. मी दुसऱ्या विणीची वाट पाहू लागले आणि मधेच नर मेला. सकाळी तळाशी आडवा होता. आता त्याचं जे काही होतं ते त्या मादीच्या पोटात होतं.

दुसरी वीण पर्युषणाच्या थोडं आधी झाली. मादीचं पोट चौकोनी दिसायला लागलं तसं मी तिला पांढऱ्या टबात घेतलं. टबात जलपर्णी सोडली होती, तिच्या मुळांच्या जटांत पिल्लांना लपता यावं म्हणून. पिल्लं झाल्याबरोबर मादीला उचलून काचेच्या बरणीत ठेवलं. टब आणि बरणी शेजारी-शेजारी. पाण्यात बदामाचं वाळकं पान टाकलं. त्याने पाणी चहासारखं होतं आणि पिल्लांना बुरशी धरत नाही.

आमचं घर जैन, दिगंबर, आणि कडक. नवजात पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक देतात, सगळे व्हिडिओ तेच सांगतात. आमच्याकडे अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. जिवंत खाद्य म्हणजे तर पापच. मग मी वाटाणा उकडून, साल काढून, बोटाने चिरडून द्यायचे. शेवाळाची हिरवी पावडर सुईच्या टोकावर घेऊन पाण्यावर झटकायचे. पाणी गाळलेलंच वापरायचे. मोठी आई दारातून म्हणायची, "दिवस बुडाल्यावर देऊ नोको वं त्याईले. त्याईले बी नियम पाह्यजे." आणि मी खरंच सूर्यास्तानंतर देत नव्हते. अख्ख्या जिल्ह्यात माझ्या माशांइतके सात्त्विक मासे नसतील. इतकं सगळं त्या घराच्या मनाप्रमाणे केलं होतं. राग येतो तो त्याचाही येतो.

आता जिवाणीचं सांगते. आमच्याकडे पाणी दुहेरी कापडातून गाळतात. कापडावर जे सूक्ष्म जीव अडकतात ते गाळलेल्याच पाण्याने धुऊन, जिथलं पाणी तिथे परत नेऊन सोडायचे, ही जिवाणी. वरून ओतायची नाही, जीव आपटून मरतात. त्यासाठी एक छोटी पितळी बादली असते, तिच्या बुडालाही एक कडी असते; दोरी त्या कडीला बांधून वरच्या दांड्यात नुसती अडकवतात. बादली दोरीने विहिरीत खाली सोडायची. पाण्याला टेकली की हलका झटका द्यायचा, ती आपोआप कलंडते आणि जीव पाण्यातून पाण्यात जातात. प्यायला बारा महिने विहिरीचंच पाणी लागतं आणि जिवाणी मोठी आईच सोडते. दहा दिवसांचे उपवास असले तरीही. ती हे दिखाव्यासाठी करत नाही. मी लहानपणापासून पाहत आलेय, बादली खाली जाताना ती श्वाससुद्धा धरून ठेवते.

म्हणूनच तर मला तिला माफ करणं जमत नाही. ती निष्काळजी बाई असती तर सोपं झालं असतं.

पर्युषणाच्या नवव्या दिवशी मी ऑफिसला गेले. एका सीएकडे काम करते आणि सप्टेंबरात ऑडिटची घाई असते. सकाळी निघताना पिल्लांकडे पाहिलं होतं. त्यांच्या पारदर्शक पोटांत हिरवं दिसत होतं, म्हणजे खात होती. संध्याकाळी परत आले तर मागच्या ओट्यावर माझा टब धुऊन पालथा घातलेला. बरणीही. दोन्ही लख्ख. बदामाचं पान केराच्या सुपात.

मोठी आई चटईवर माळ घेऊन बसली होती. ओठ पांढरे पडलेले.

"मोठी आई, टब?"

"धुतला. सोडले म्या ते सारे."

"कुठे?"

"कुठं म्हंजे? इहिरीत. जिवाणीच्या बादलीतून सोडले, वरतून नाई फेकले. एकाले बी धक्का लागू देल्ला नाई."

"आणि बरणीतली?"

"तिले बी. माय-लेकरं संगंच सोडले. तू तं तिले लेकरायपासून तोडून ठेवली होती वं. काचंतून पाह्यत राहे बिचारी. माया जीव कालवे."

एका बादलीत. त्या मादीला आणि त्या पिल्लांना, लांब दोरीवर लोंबकळत, एका बादलीत.

"ती खाते त्यांना," मी म्हटलं. "म्हणून वेगळी ठेवली होती. मी सांगितलं होतं तुम्हाला."

"माय कुठं लेकरं खाते? तुया मोबाईलमंधी काई बी दाखवते."

मग माझ्या तोंडून जे निघालं ते इंग्रजीत निघालं. यू हॅड नो राइट. दे वेअर माइन. मला राग इंग्रजीतच येतो, शाळेत तो त्याच भाषेत शिकले. मोठ्या आईने स्वयंपाकघराकडे पाहून मम्मीला विचारलं, "काय म्हणून राह्यली वं हे?"

मम्मी म्हणाली, "माझे होते, म्हणते."

मोठी आई हसली. वाईट हसली नाही, लहान मुलाला समजावताना हसतात तशी. "आज कोणता दिवस आहे बेटा? उत्तम आकिंचन्य. काईच आपलं नसते. सकाळी मंदिरात हेच तं सांगतलं."

आकिंचन्य म्हणजे काहीही माझं नाही अशी भावना. दहा दिवसांतला एक दिवस त्यासाठी राखून ठेवलेला. तर त्या दिवशी ते आकिंचन्य माझ्या टबापासून सुरू झालं आणि माझ्या टबापाशीच संपलं. कपाटाची किल्ली मोठ्या आईच्या कमरेलाच होती. पप्पांचं दुकान पप्पांचंच होतं. पुढच्या महिन्यात शटरवर नवी पाटी लागायची होती, दोन्ही भावांची नावं मोठ्या अक्षरात. त्या घरात काहीच आपलं नसण्याची पाळी फक्त माझ्यावर आली, कारण माझ्याकडे जे होतं ते फार लहान होतं आणि मी ओरडणारी नव्हते.

मी विहिरीवर गेले. जाळी बाजूला करून मोबाईलचा उजेड खाली टाकला. आमच्या विहिरीत एक कासव आहे आणि मोठे काळे मासे आहेत. कुणी, कधी सोडले ते कुणालाच आठवत नाही, पण आहेत हे घरात सगळ्यांना माहीत आहे. लहानपणी आम्ही त्यांना लाह्या टाकायचो. उजेड पडला तसे दोन-तीन वर आले, तोंडं उघडत. पाठी चकचकीत, जाड. मी उजेड बंद केला.

दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. मोठ्या आईचा दहावा उपवास, म्हणून दिवसभर बायका तिला भेटायला येत होत्या. हात जोडायच्या, "खूप खूप अनुमोदना," म्हणायच्या. दुसऱ्याच्या तपाला मनापासून होकार दिला की त्यातलं थोडं पुण्य आपल्यालाही मिळतं, तो हा होकार. मी पाण्याचे पेले नेत-आणत होते. प्रत्येक बाईला मोठी आई माशांची गोष्ट सांगत होती आणि प्रत्येक वेळी गोष्ट थोडी मोठी होत होती. तिसऱ्या-चौथ्या खेपेला टबातल्या पिल्लांचा श्वास कोंडत होता आणि बरणीतली माय काचेवर डोकं आपटत होती.

"जीव सोडवले तुम्ही, बाई! उपवासात हे सुचणं म्हंजे पुण्यच लागते," एक बाई म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "आन तू वं? मासोळ्यायचे लेकरं पाळून राह्यली? सोताचे पाळायचं वय आलं तुयं."

सगळ्या हसल्या. मम्मीही थोडी हसली, पाहुण्यांसमोर हसतात तेवढी. मी पेला ठेवला. मनात वाक्य जुळवायला घेतलं होतं, पण बाई तोवर सोवळ्यातल्या स्वयंपाकाच्या गप्पांवर गेली होती.

पारणं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. पारणं म्हणजे उपवास सोडणं. मुगाचं पाणी चांदीच्या वाटीत तयार होतं, मोठे बाबा, म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ, चमचा धरून बसले होते, शेजारच्या चार-पाच बायका आलेल्या. मंदिरातली क्षमावाणी नंतर असते, पण आमच्या घरात उपवास करणाऱ्याने आधी घरातल्या प्रत्येकाची क्षमा मागायची आणि मग घोट घ्यायचा, अशी रीत आहे. मोठी आई एकेकासमोर हात जोडत आली. सगळे पटापट "उत्तम क्षमा, उत्तम क्षमा" म्हणत होते. एरवी मीही म्हणते. मलाही हे दोन शब्द आवडायचे.

माझ्यासमोर ती थांबली. "बेटा, कळत-नकळत काई चुकलं असन तं उत्तम क्षमा."

मी वाटीतल्या मुगाच्या पाण्याकडे पाहत राहिले.

"बोल नं वं," पप्पा म्हणाले. "मिठाची गुळणी धरली काय तोंडात?"

"राहू द्या," मोठी आई म्हणाली. "तिले राग आहे माया. हे क्षमा करन तवाच म्या घोट घेईन. नाई तं आज बी राह्यते तशीच."

दहा दिवस उपाशी बाई, वाटीतलं मुगाचं पाणी निवत चाललेलं, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. मला तेव्हा जो राग आला तसा विहिरीवरही आला नव्हता. माझ्यावर अत्याचार होतोय असं कुणीही म्हणू शकलं नसतं. कुणी आवाज चढवला नव्हता. हात जोडलेले होते. एका शब्दासाठी तिचा जीव माझ्या अंगावर टाकला होता, अगदी अलगद.

या वेळी वाक्य मनात जुळवायला वेळ होता. कुणी विषय बदलणार नव्हतं.

"कळत की नकळत?" मी विचारलं. मराठीत.

"काय?"

"कळत-नकळत म्हणालात. पिल्लांचं कोणतं? कळत की नकळत?"

"अवं, ते दोनी म्हणायचं असते," शेजारची बाई मधेच म्हणाली.

"मी मोठ्या आईला विचारते आहे."

मोठी आई माझ्याकडे पाहत राहिली. ती खोटं बोलत नाही. उपवासात तर नाहीच. "कळत," ती म्हणाली.

"विहिरीत मासे आहेत हे माहीत होतं?"

"इहिरीत काय नसते? तिथं ज्याचं त्याचं कर्म. तुया टबात कैद होती, म्या कैदीतून सोडवले. त्याची क्षमा म्या कायले मागू? तुले दुःख झालं, त्याची मागून राह्यली."

"माझं दुःख राहू द्या. पिल्लांचं चुकलं म्हणा."

"ते नाई चुकलं."

"मग माझ्याकडूनही नाही," मी म्हटलं. "क्षमा नाही."

ते सगळ्यांना ऐकू गेलं. पप्पा उठले. "लाज वाटते का काही? कोणाशी बोलून राह्यली? मासोळ्यांसाठी?" बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "इंग्लिश मीडियम," जणू तेवढ्यात सगळं आलं. मी तिथेच उभी राहिले. जायचं ठरवलं नव्हतं आणि बसायचंही नव्हतं. मोठे बाबा चमचा धरून होते. त्यांचा हात अवघडला असावा, त्यांनी तो खाली घेतला, पुन्हा वर केला.

मग मोठ्या आईने त्यांच्याकडे तोंड केलं आणि घोट घेतला.

दुसरा घेतला. तिसरा. बायकांनी "जय जिनेंद्र" म्हटलं, कुणीतरी णमोकार मंत्र सुरू केला, सगळ्यांनी त्यात आवाज मिळवला आणि खोली पुन्हा हलू लागली. मी पाहत होते. माझ्या क्षमेशिवाय घोट घेणार नव्हती ना? घेतला. तो उतरलाही. म्हणजे ती अट माझ्यासाठी होती, तिच्यासाठी नव्हती. आणि एवढं स्वच्छ दिसूनही त्या खोलीत ते दिसलेली मी एकटीच होते.

त्यानंतर पप्पा माझ्याशी बोलले नाहीत. मोठी आई बोलते. चहा घेतला का, छत्री नेली का, असं सगळं, आवाजात काहीच नाही. गावात काय सांगितलं जातं तेही मला कळतं. पोरीने तपस्वीच्या पारण्याला क्षमा नाकारली. यात कुठलंच खोटं नाही. मी नाकारली. अजूनही नाकारते. रोज सकाळी विहिरीवर दोरी सरकल्याचा आवाज येतो तेव्हा पुन्हा नाकारते.

मोठ्या टाकीत साधे गप्पी आहेत, पिवळे, ठिपक्यांचे. त्यांना कुणी हात लावला नाही. त्यांच्यातून पुन्हा तसा नर निघेल का, असं ऑफिसातल्या एकीने विचारलं. निघणार नाही असं सांगता येत नाही, पण तो हा नसेल. निळ्या शेपटीचे नर बाजारात मिळतात. मला विकत घ्यायचा नव्हता.

पारण्याच्या त्याच दुपारी पाहुणे गेल्यावर मी मागच्या खोलीत होते. मम्मी आली. कपड्यांच्या घड्या करायच्या निमित्ताने आली होती, कारण घड्या आधीच झालेल्या होत्या आणि ती त्या मोडून पुन्हा घालत होती. मला वाटलं, आता ती सांगेल की मोठ्या आईच्या पाया पड, विषय संपव. मी तयार होते. तिलाही नाहीच म्हणणार होते.

तिने एक टॉवेल झटकला. म्हणाली, "दिसायची कशी ती? म्या कधी जवळून पाह्यलीच नाई."

मी टॉवेलचं दुसरं टोक धरलं. मग सांगितलं. पापणीच्या केसाएवढी. नुसते डोळे आणि पोट. पोटात हिरवं दिसायचं, वाटाणा खाल्ला की. टबाजवळ बोट नेलं की सगळी एकदम मुळांत शिरायची आणि बोट काढलं की एकेक बाहेर यायची, पण सगळ्यात आधी नेहमी तेच एक.

"तेच एक कशावरून?" मम्मीने विचारलं.

"त्याच्या शेपटीच्या बुडाशी निळं-काळं यायला लागलं होतं," मी म्हटलं.